घाटप्रेमी, तुमच्या कॉमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

घाटप्रेमी (खरं नाव लिहिलं असतंत तर त्या नावाने बोललो असतो, असो),

परवा रात्री 1 वाजून 40 मिनिटांनी तुम्ही माझ्या भोर घाटाच्या (कर्जत ते लोणावळा) मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर कॉमेंट टाकलीत. सकाळी चहा घेताना वाचली आणि चहा थंड झाला. बाकीच्यांनी वाचली नसेल म्हणून इथे जशीच्या तशी देतो, नंतर मी मोडतोड केली असं नको:

"काका, मेहनत दिसतेय. पण 'तंतोतंत भोर घाट' असं नाव दिलंत म्हणून बोलतोय. 1676 ला 87 ने भागलं की 19.26 येतात, तुमचा ट्रॅक 16.5 चा, म्हणजे हे ब्रॉडगेज नाहीच. 18 इंची कर्व्हवर डबे बाहेर लटकतायत. कॅच सायडिंग नाही. अप गाडीला मागे बँकर नाही. शेवटच्या डब्यावर एक्स पण नाही. घाट प्रत्यक्ष न बघता यूट्यूबवर बघून केल्यासारखा वाटतो. मी स्वतः तीन फूट ट्रॅक 19.26 ला हाताने टाकलाय, जमतं."

(नवख्यांसाठी: माझं मॉडेल 1:87 चं, म्हणजे खऱ्याचा 87 वा भाग. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं खरं अंतर 1676 मिलिमीटर, 19.26 आणि 16.5 हे मॉडेलच्या रुळांमधले मिलिमीटर. 18 इंची कर्व्ह म्हणजे 18 इंच रेडियसचं वळण. बँकर म्हणजे घाट चढताना गाडीला मागून ढकलणारं इंजिन. एक्स म्हणजे शेवटच्या डब्याच्या मागे रंगवलेली मोठी फुली. कॅच सायडिंगचं पुढे येतंच.)

आधी एक गोष्ट. मी तुमचा काका नाही. आदराने म्हणालात तर ठीक, पण 'काका, मेहनत दिसतेय' हे वाक्य कसं वाचलं जातं ते तुम्हालाही माहितीये. लग्नात आचाऱ्याला 'भाजी बरी होती हं' म्हणतात ना, तसं. टीका करा, माझी अजिबात ना नाही, या ब्लॉगवर आठ वर्षांत एकही कॉमेंट मी उडवलेली नाही, पण टीका करायचीही एक पद्धत असते. आधी चार चांगल्या गोष्टी सांगाव्यात, मग हळूच एखादी सूचना करावी. धबधबा पारदर्शक सिलिकॉनचा आहे हे दिसलं नाही तुम्हाला? त्यावर एक शब्द नाही. झाडांवर नाही. बोगद्याच्या तोंडावर तर मी तीन रविवार घालवलेत.

आता जे चुकलं ते चुकलं, मी मान्य करणाऱ्यातला आहे. एक्स. शेवटच्या डब्यावर एक्स होता, पण तो डबा मी उलटा जोडला होता, त्यामुळे पिवळा एक्स इंजिनाकडे तोंड करून बसला आणि मागच्या बाजूला कोरी भिंत. फोटो काढायच्या घाईत झालं. तुमची नजर चांगली आहे, याबद्दल आभार. डबा फिरवला, काल नवीन फोटो टाकलाय, आता एलव्हीचा (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) छोटा बोर्डसुद्धा लावलाय, बघून घ्या. बघितलंत, मला चूक कबूल करायला काही वाटत नाही.

पण "घाट प्रत्यक्ष न बघता."

हे वाक्य मी चार वेळा वाचलं. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली सोडून द्या. नाही सोडवत.

अहो, मी कर्जतला वाढलोय. रेल्वे क्वार्टर्समध्ये. वडील रेल्वेत होते, बत्तीस वर्षं नोकरी केली, आणि आमच्या घरात घड्याळ होतं पण बघायचं कोणी नाही, कारण सकाळची कुठली गाडी गेली यावरून दूध तापवायचं का शाळेत पळायचं ते ठरायचं. तुम्ही यूट्यूबवर 'भोर घाट बँकर' टाकून जे बघता ते आम्ही दात घासताना बघितलंय. पुण्याकडे जाणारी प्रत्येक गाडी कर्जतला थांबायची ती काय वडा खायला नाही थांबायची, मागे बँकर लागायचे म्हणून थांबायची, वडेवाल्यांनी त्या थांब्याचं सोनं केलं ही पुढची गोष्ट. मागून बँकर येऊन टेकला की अख्ख्या गाडीला एक हलका धक्का बसायचा, पुढच्या डब्यातल्या बाईच्या हातातला चहा हिंदकळायचा, आणि आम्ही पोरं तेच बघायला फलाटाच्या टोकाला उभी.

खेकडा बघितलाय का तुम्ही? आता तो म्युझियममध्ये आहे, रंग देऊन उभा केलेला, तो नाही म्हणत मी. डब्ल्यूसीजी-1, 1920 च्या दशकाच्या शेवटी आलेलं इंजिन, मधे केबिन आणि दोन्हीकडे लांब नाक, मगरीसारखं. आमच्याकडे सगळे त्याला खेकडाच म्हणायचे. ते नुसतं उभं असलं तरी कण्हायचं. खरंच, आजारी माणसासारखा आवाज. आणि चालायला लागलं की चाकांवरचे दांडे सूं सूं करत फिरायचे. मी लहान असताना तापात पडलो होतो तेव्हा रात्री यार्डातून तो आवाज यायचा आणि मला वाटायचं माझ्याइतकाच तोही आजारी आहे. हे यूट्यूबवर कुठे आहे ते दाखवा.

आणि आता मुद्द्याचं. तुम्ही लिहिलंय, "अप गाडीला मागे बँकर नाही". अप गाडीला? घाटप्रेमी, मुंबईकडे जाणारी गाडी अप. मुंबईहून पुण्याला जाते ती डाऊन. म्हणजे घाट चढते ती डाऊन आणि घाट उतरते ती अप, नाव ऐकून बाहेरच्या माणसाचा घोळ होतो, होणारच, पण कर्जतच्या शेंबड्या पोराला हे माहिती असतं. आता सांगा घाट कोणी बघितला नाहीये. मी हे चारचौघांत बोलणार नव्हतो, पण तुम्ही चारचौघांत लिहिलंत म्हणून.

(हो, मला कळलं तुम्हाला काय म्हणायचं होतं. चढणारी गाडी. तरीपण.)

बँकर का नाही तेही सांगतो, कारण लावला होता. माझा लेआउट साध्या डीसीवर चालतो, डीसीसी (प्रत्येक इंजिन वेगळं चालवता येतं ती डिजिटल सिस्टिम) नाही, म्हणजे कंट्रोलर फिरवला की रुळात जेवढे व्होल्ट जातील तेवढ्यावर वरची सगळी इंजिनं एकदम पळणार. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची इंजिनं एकाच व्होल्टेजला एका वेगाने पळत नाहीत. पुढचं इंजिन निवांत, मागचं अंगात आल्यासारखं. आणि माझे डबे रेडीमेड नाहीत, फोटो पेपरवर प्रिंट काढून दोन मिलिमीटर सनबोर्डला चिकटवून केलेले आहेत, खाली जुन्या स्वस्त डब्यांच्या बोगी (चाकांच्या चौकटी), त्यामुळे वजनाला पापड. मागचं ढकलायला लागलं की मधला डबा कर्व्हवर उभाच राहायचा आणि मग दरीत. तीन वेळा दरीत गेला. दरी म्हणजे बेडरूमची फरशी. प्रत्येक डब्यात दोन दोन वायसर टाकून वजन वाढवलं तर पुढच्या इंजिनाची चाकं चढावर नुसती फिरायला लागली, कारण चढ मी खराच ठेवलाय, 37 ला 1, भोर घाटाचा सगळ्यात कडक चढ आहे तोच. आठ फुटाच्या प्लायवर साडेसहा सेंटिमीटर चढतो. लोक यापेक्षा सोपा चढ ठेवतात, मी नाही ठेवला. यावर कौतुकाचा एक शब्द? नाही. बँकर नाही म्हणे.

मुळात हे सगळं कशात बसवलंय ते बघा ना. बदलापूरच्या फ्लॅटमध्ये, मुलगा बाहेर गेल्यावर रिकामी झालेली दहा बाय अकराची खोली, त्यात आठ बाय चारचा प्लाय आणि उरलेल्या जागेत इस्त्रीचं टेबल. घाटाची लांबी साधारण 25 किलोमीटर, 87 ने भागलं की जवळपास 290 मीटर. उंची साडेपाचशे मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये सहा मीटरच्या वर. माझ्या बिल्डिंगचा दुसरा मजला फोडून टाकीपर्यंत रूळ न्यायला लागतील. 18 इंची कर्व्हवर डबे लटकतात, लटकतातच, एकेक डबा साडेचोवीस सेंटिमीटरचा आहे. ब्रॉडगेजला 175 मीटर रेडियसपेक्षा जोराचं वळण घेत नाहीत, मॉडेलमध्ये ते दोन मीटर होतं, म्हणजे अर्धं चक्कर मारायला चार मीटर रुंदी पाहिजे. माझी खोली सव्वातीन मीटरची आहे. भिंत पाडू?

गेजचं म्हणाल तर जगभर हे असंच चाललंय. इंग्लंडमध्ये ओओ (तिकडचं मॉडेलचं माप) वाले 1:76 ची गाडी 16.5 च्या रुळावरच चालवतात, खरं त्यांना 18.83 पाहिजे, हॉर्नबी डब्लो (मॉडेल गाड्यांचा ब्रँड) 1938 ला आलं तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या चालवतात आणि त्यांना कोणी रात्री पावणेदोनला कॉमेंट टाकत नाही. काही जण तिकडे 18.83 चे रूळ हाताने टाकतात, माहितीये मला, पी4 म्हणतात त्याला, पण ते वेगळेच लोक. आपल्याकडे 19.26 चा पॉइंट (गाडी रूळ बदलते तो सांधा) मिळतो का बाजारात? चाकं मिळतात? प्रत्येक अ‍ॅक्सलवरून चाक ओढून बाहेर सरकवायचं, आणि इंजिनाच्या बाबतीत तर विचारूच नका. आणि फरक किती, तर पावणेतीन मिलिमीटर. पावणेतीन! उभं राहून बघितलं तर दिसत नाही. खाली वाकून, डोळा रुळाला लावून, समोरून बघितलं तर डबा जरा बारीक पायांवर उभा असल्यासारखा दिसतो, बस. ज्याला दिसतं त्याला दिसतं. मला पहिल्या दिवसापासून दिसतंय, म्हणून मी फोटो बाजूने काढतो.

'तंतोतंत' हा शब्द भावनेने घ्यायचा असतो, त्याचं व्हर्नियर लावून मोजमाप काढायचं नसतं. पुढे.

कॅच सायडिंग. जागा नव्हती.

खरं सांगायचं तर प्लॅनमध्ये होती. पेन्सिलने प्लायवर आखली पण होती. ज्यांना माहिती नसेल त्यांच्यासाठी, घाट उतरताना गाडीचे ब्रेक गेले तर तिला मेन लाइनवरून काढून एका चढावाच्या बाजूच्या रुळावर घालतात, चढावर तिचा वेग मरतो, तीच कॅच सायडिंग. पॉइंट मुळात सायडिंगकडेच वळवून ठेवलेला असतो, गाडी ताब्यात आहे, थांबतेय, हे दिसलं की मगच मेन लाइन मिळते. म्हणजे प्रत्येक गाडी सुटलेलीच आहे असं धरून चालायचं. वडील हे सांगायचे तेव्हा मला फार भारी वाटायचं. तर ती मी घालणार होतो, पण त्या कोपऱ्यात धबधबा आला. सिलिकॉन ओतून झाल्यावर लक्षात आलं की पॉइंटला जागाच उरली नाही. हे तुम्हाला सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं.

हिरवळीबद्दल तुम्ही बोलला नाहीत पण दुसऱ्या एकाने विचारलंय म्हणून इथेच. लेआउटमध्ये जुलैमधला, भर पावसाळ्यातला घाट दाखवलाय. झाडं वाळलेल्या तुळशीच्या फांद्यांची, तुळस वाळली की तिच्या फांद्या हुबेहूब झाडासारख्या फुटतात, एकही विकतचं झाड नाही. त्यावर सुताराकडचा भुसा, कापडाच्या रंगात रंगवून. सुरुवातीला वृंदावनातली वाळलेली तुळस उचलून आणली त्यावरून घरात दोन दिवस बोलणं बंद होतं, आता शेजारच्या तीन बिल्डिंगमधून वाळलेल्या तुळशी माझ्याकडे येतात. खडी बांधकामावरची कच चहाच्या गाळणीने चाळून. खरा दगड पाच सहा सेंटिमीटरचा, 87 ने भागा, पाऊण मिलिमीटरच्या आत यायला पाहिजे, तेवढीच घेतली. वरून फेव्हिकॉलचं पातळ पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, नाहीतर पाणी खडीवर मोत्यासारखं उभं राहतं, आत झिरपत नाही. मागच्या पावसाळ्यात दमट हवेने प्लाय एका कोपऱ्यात तीन मिलिमीटर उचलला, रूळ वाकले, पुन्हा उखडून पुन्हा टाकले. तेव्हा कोणी विचारायला आलं नाही. हे करणारा माणूस 'यूट्यूबवर बघून' करतो का? यूट्यूबवर बघितलं, हो, सोल्डरिंग तिथेच शिकलो, पण घाट नाही.

माझ्या वयाच्या माणसाने रिटायर झाल्यावर काय करावं असं तुमचं म्हणणं आहे? लाफ्टर क्लबला जावं? तुम्ही असं म्हणाला नाहीत हे मान्य, पण सूर तोच आहे. तुमच्या प्रोफाइलला फोटो नाही, तुमचा लेआउट कोणी बघितलेला नाही, तीन फूट ट्रॅक टाकला म्हणता तर फोटो टाका ना. दुसऱ्याच्या आठ बाय चारवर बोलणं सोपं असतं, एक प्लाय आणून त्यावर पहिला खिळा ठोकून बघा. तीन फूट म्हणजे काय, सरळ रेघ. सरळ रेघ कोणीही टाकेल. कर्व्हवर टाका, पॉइंट करा, मग बोलू.

जरा जास्त बोललो असेन. वय झालं की होतं, तुम्हीच काका म्हणालात. तुमची कॉमेंट आहे तशी ठेवलीये, डिलीट केलेली नाही, याची नोंद घ्यावी. आणि तुमच्या बाजूने कोणी, माझ्या बाजूने कोणी, असा तमाशा खाली सुरू करू नये ही बाकीच्यांना विनंती, मागच्या वेळी इंजिनाच्या रंगावरून झाला तो पुरे.

पुढची पोस्ट ओव्हरहेड वायरवर. खांब गिटारच्या तारेचे आणि पितळी पट्टीचे केलेत.

ता.क. ते तीन फूट टाकलंत त्याला स्लीपर कशाचे वापरलेत? तांब्याच्या पीसीबीच्या (सर्किट बोर्डच्या) पट्ट्या कापून सोल्डर केलेत का? आणि पट्टीच्या मधोमध तांबं खरवडून तोडलंत का, नाहीतर दोन्ही रूळ शॉर्ट होतील ना? एका इंजिनाची चाकं मी काल सहज ओढून बघितली, एक बाजू सरकली, दुसरी हलत नाहीये. चाक ओढायचा पुलर कुठला वापरता तेवढं कळवा.