भक्ताला कशाला शिवी देता राजेहो?

'अंधभक्त' हा शब्द मला पटत नाही. ज्यांना तो चिकटवतात त्यांची बाजू घ्यायची म्हणून नाही, त्यांच्याशी माझी रोजच जुंपते. पण शिवी भलत्याच माणसाच्या नावाने दिली जाते आहे.

परवा आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गढूळ पाण्याच्या बादलीचा फोटो पडला. खाली एकाने लिहिलं, "भाऊंनी वॉर्डात एवढी कामं केली, ते नाही दिसत का तुमाले?" लगेच दुसरा, "आले अंधभक्त!" मग तिसरा, "अन् तुमी कोनाचे चमचे बे?" रात्री उशिरापर्यंत हेच. पाण्याचं कोणी काही बोललंच नाही.

आता भक्त म्हणजे कोण? धातू 'भज्'. वाटून घेणे, आश्रय घेणे, सेवा करणे असे त्याचे अर्थ. 'विभक्त' कुटुंबातला भक्त तोच. आपल्या ताटातला भातसुद्धा संस्कृत 'भक्त'चा प्राकृतात 'भत्त' होऊन आलेला! म्हणजे मुळात हा वाटेकरी. आणि वाटेकरी हिशोब मागतो. जनाबाईने विठोबाला काय काय म्हणून घेतलं ते आठवा. नामदेव त्याच्यावर रुसायचे, भांडायचे. तुकोबांनी तर माझ्या लेखी देव मेला म्हणून सांगून टाकलं. पंढरीच्या देवाला त्याच्या भक्तांनी जेवढं सुनावलं तेवढं एखाद्या नास्तिकानेही सुनावलं नसेल. या लोकांचं नाव आपण कोणाला देतो आहोत? ज्याला नगरसेवकाला नळाचं पाणी विचारायची हिंमत नाही, त्याला!

इथे कोणी बाबासाहेबांचा दाखला देईल. जरूर द्यावा, पण पूर्ण द्यावा. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत ते इंग्रजीत बोलत होते, तरी शब्द त्यांनी 'भक्ती' हाच वापरला. धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, राजकारणात मात्र ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे आक्षेप भक्तीवर नव्हता, ती कुठे वाहायची यावर होता. आणि सांगणारा माणूस कोण? 1956 च्या ऑक्टोबरात ज्याच्या मागे याच नागपुरात लाखो लोक एकत्र आले, तो. लोकांचा जीव आपल्यावर किती आहे हे त्यांना काय ठाऊक नव्हतं?

गंमत अशी, की आज प्रत्येक पक्षाचा माणूस हे वाक्य दुसऱ्याला फेकून मारतो. तेही आपल्या नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली उभा राहून. त्या फ्लेक्सवर 'कट्टर समर्थक' असं मोठ्या अक्षरात असतं आणि खाली गॉगलवाले पंचवीस फोटो. तिथे कट्टर म्हणजे पदवी, मिरवायची. समोरच्याचा तसाच माणूस असला की तो आंधळा. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

मराठीत या जातीसाठी शब्दांची टंचाई नाही. हुजऱ्या आहे, लाळघोट्या आहे, खुशमस्कऱ्या आहे. आपल्याकडचा 'बह्याड', म्हणजे वेडपट, तर आहेच, पण त्यात थोडी माया असते, म्हणून तो घरच्यांसाठी ठेवावा. यातला कुठलाही वापरा, बिचाऱ्या भक्ताला सोडा.

खरं तर नागपूरला हे शिकवावं लागू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, मागे बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे असतात. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, पुढाऱ्यांचे बडगे. "घेऊन जा गे मारबत" म्हणत अख्खी इतवारी ओरडते. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली ही टिंगल करायची मुभा दुसऱ्या कुठल्या शहराकडे आहे?

पण गर्दीत उभं राहून कधी बडग्याऐवजी लोकांकडे बघा. दुसऱ्याच्या नेत्याचा बडग्या आला की सगळे मोबाईल वर जातात. आपल्याचा आला की माणूस मान खाली घालून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला लागतो.