काकांची दाढ आणि माझा प्लग

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज पडला : ‘पार्किंगमध्ये कोणीही स्फोटक प्रयोग करू नयेत.’ नाव नाही. पण पाचपाखाडीच्या आमच्या अठ्ठावीस बिऱ्हाडांत प्रीमिअर पद्मिनी पोसणारा मी एकटाच. ‘कोणीही’ म्हणजे कोण, हे लिफ्टमध्ये भेटलेल्या दूधवाल्यालाही ठाऊक होतं.

झालं इतकंच, की वडिलांची गाडी मिसिंग करत होती. तीन हात नाक्याच्या सिग्नलला तर उभ्या उभ्या मान टाकायची. रविवारी सकाळी थंड इंजिनाचे चार स्पार्क प्लग काढायचे, काजळी पुसायची, टोकांमधली फट मोजायची, परत बसवायचे. अर्ध्या तासाचं काम. फट झिजून वाढली की ठिणगीला उडी जड जाते, म्हणून बाहेरचं टोक हलकेच ठोकून मी ती ०.६ मिलिमीटरवर आणतो. मेकॅनिक हॅकसॉचं पातं घालून बघतात, तेही साधारण तेवढंच जाड. पण मी शहाणा. माझ्याकडे फिलर गेज.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका आले. तलावपाळीला चक्कर मारून, तोंडात सुपारी.

“अ‍ॅव्हरेज किती देते?”

“काका, ती सुरूच होत नाहीये.”

“तरी पण?”

मग त्यांची नजर गेजवर गेली. एका मुठीत पंख्यासारखी उघडणारी पोलादी पानं, प्रत्येकावर आकडा.

“हे काय, कान कोरायचं?”

मी फट, ठिणगी, मिलिमीटर असं सगळं समजावलं. काकांनी शांतपणे ऐकलं, ०.२चं पान निवडलं आणि दाढेत घातलं.

“ही बारीक पडते रे.”

“काका, त्याला ऑइल लागलंय!”

“असू दे, खोबरेल पण तेलच.” मग ०.३. मग ०.४. डोळे मिटून, जीभ बाजूला सारून. माझ्या आयुष्यात इतक्या निष्ठेने गेज वापरणारा माणूस मी पाहिलेला नाही. ०.५ला सुपारी निघाली. “बसलं बघ! जरा अडखळत सरकतं.” फट बरोबर असल्याची खूण हीच; मला ती कळायला दोन वर्षं लागली होती.

मी गेज धुवायला नळावर गेलो. दोन मिनिटं, फार तर तीन. परत येतो तर काकांनी माझे कष्ट वाचवायला चारही प्लगच्या वायरी उपटून बॉनेटवर ओळीने मांडलेल्या. चौघांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या बाजूनेसुद्धा! मी एका वेळी एकच वायर काढतो, कारण ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो, १-२-३-४ नव्हे.

“क्रम कशाला लक्षात ठेवायचा? चारच तर आहेत.”

मी अंदाजाने लावल्या, चोक ओढला, चावी फिरवली. सायलेन्सरमधून असा बार निघाला की वॉचमन खुर्चीमागे आणि पहिल्या मजल्यावरची कबुतरं थेट नितीन कंपनीपर्यंत. काका मात्र जागच्या जागी. “सुरू झाली ना?”

मी वायरी क्रमाने लावल्या, गाडी सुरूही झाली, पण ते बघायला कोण थांबलंय? २० वर्षांवरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नव्याने करायचं, त्याची फी ५ हजारांची १० हजार झाली, ती मी निमूट भरणार. पार्किंगचे पैसे सगळ्यांइतकेच भरणार. समोरच्यांच्या नव्या गाडीचा अलार्म रात्री दोनला केकाटतो, त्याला मात्र ग्रुपवर कोणी स्फोटक म्हणत नाही. अंगठे उंचावून दाद देणाऱ्या बारा जणांत काकांचाही अंगठा होता, हे मी विसरणार नाही.

आत्ता जेवणं आटोपायच्या वेळी खालून हाक आली. काकांचा नातू दारात.

“आजोबा म्हणाले, ते पाच नंबरचं पान द्या. आज शेंगांची भाजी होती.”