एलियाहू गप्प बसला होता का?

आज ठाण्याला नातेवाइकांच्या नव्या घराचा मलिदा होता, म्हणजे आम्हा बेने इस्राएल यहुद्यांचा एलियाहू हन्नाबीच्या (एलियाहू नबीच्या) नावाने होणारा प्रार्थनेचा आणि प्रसादाचा विधी. प्रार्थना झाली, ताट फिरलं आणि काकांनी विषय काढला, "राजाला देवच गादीवर बसवतो, शास्त्रात दानीएलाच्या पुस्तकात लिहिलंय. आपण कशाला वर तोंड करून बोलायचं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा खजूर चघळत गप्प बसले. घरी येईपर्यंत डोकं जे तापलं ते अजून उतरलेलं नाही.

अहो, ती ओळ दुसऱ्या अध्यायातली. मूळ अरामीत आधी येतं 'राजांना काढतो', मग 'राजांना बसवतो'. आपली मंडळी निम्मीच ओळ पाठ करतात! दोन अध्याय पुढे जा की. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर राजवाड्याच्या गच्चीवर फिरता फिरता म्हणतो, ही बाबेल मी माझ्या बळावर बांधली. वाक्य तोंडात असतानाच राज्य जातं. मग साहेब बैलासारखे गवत खातात, नखं पाखरासारखी वाढतात.

आणि हे बोलायचं कोणत्या ताटासमोर? एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोहे भिजवले, ओलं खोबरं घातलं, फळं मांडली. तो काय राजाला मुजरा करायला गेला होता?

एलियाहूच्या काळचा इस्राएलचा अहाब राजा काही साधासुधा नव्हता. इ.स.पू. ८५३ साली असिरियाशी झालेल्या कर्करच्या लढाईत त्याचे २,००० रथ आणि १०,००० पायदळ होतं, असं असिरियाच्या राजाने दगडावर कोरून ठेवलंय. आपल्या शास्त्रात त्या लढाईचं नावसुद्धा नाही. तिथे गोष्ट आहे ती नाबोथाच्या द्राक्षमळ्याची. राजाला भाजीपाला लावायला तो मळा हवा होता. बदल्यात याहून चांगला मळा देतो, नाहीतर पैसे घे. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन आहे, देणार नाही.

ही गोष्ट मी नऊ वर्षांची असताना डोळ्यांनी पाहिलीये. अलिबागजवळ आजीची नारळ-सुपारीची वाडी होती. जीपमधून एक पांढरे कपडेवाले आले. दुसरीकडे जागा देतो म्हणाले, मग पैशांवर आले. आजी सूप पाखडत होती, तिने मान वर केली नाही. "मी मालकीण कुठली? राखणदार आहे." पावसाळा सरला तेव्हा तारेचं कुंपण सहा गुंठे आत सरकलेलं होतं.

नाबोथाचं काय झालं ठाऊक आहे ना? राणीने राजाच्या शिक्क्याची पत्रं धाडली, दोन खोटे साक्षीदार उभे केले, देवाची आणि राजाची निंदा केली म्हणून त्याला दगडांनी ठेचलं. अहाब ताबा घ्यायला मळ्यात उतरतो तर समोर एलियाहू उभा. खून केलास, वर ताबाही घेतोस? इस्राएलाच्या राजाला, त्याच्या तोंडावर!

हो, यिर्मया नबीने बाबेलला कैद करून नेलेल्या आपल्या लोकांना लिहिलं होतं, ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. कबूल. पण प्रार्थना करणं वेगळं, शेपूट हलवणं वेगळं.

आणि हेही कबूल की एलियाहू आला तोवर नाबोथ मेलेला होता. आमच्या कुंपणापाशी तर कोणीच आलं नाही. आजी दरवर्षी मलिद्याला ही गोष्ट सांगायची, मुद्दाम मोठ्याने, पलीकडच्या माळ्याला ऐकू जावी म्हणून. आणि शेवटी विचारायची, "नाबोथाच्या बायकोचं काय झालं गं?" तिच्याबद्दल तिथे एक ओळसुद्धा नाही.

काकांवर चिडून लिहायला बसले होते खरी. पण आता आठवतंय, तेव्हा काका बावीस वर्षांचे होते. सातबारा पिशवीत घालून दर सोमवारी तालुक्याला जायचे. नाबोथाने नाही म्हटल्यावर अहाब पलंगावर पडून तोंड फिरवतो, जेवत नाही, असं शास्त्रात आहे. आमच्या घरात तसे पडून राहायचे ते काका. आजी ताट झाकून ठेवायची.

आज निघताना त्यांनीच माझ्या पिशवीत मलिद्याचा डबा घातला. "तुझ्या पोरांना दे," म्हणाले. आजीच्या वाडीचं मीही काही बोलले नाही.