बर्गनचे सहा प्रश्न आणि औशाचं आभाळ

आमच्या गावात भोंग्यावरून वाद पेटलाय. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये सुरुवात केली: संध्याकाळी सातला भोंगा, मग दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद. आपल्याकडंही करा, असं निम्मं गाव म्हणतंय. पारावरचं मत वेगळं: मोबाइलला कशाला नावं ठेवता, माणसाचा स्वभावच तसला.

मी राहतो नॉर्वेतल्या बर्गनला. समाजमाध्यमांचं व्यसन मोजायची जगभर वापरली जाणारी फूटपट्टी नेमकी इथल्याच विद्यापीठातली. प्रश्न सहाच. सारखा त्याचाच विचार येतो का, वापर वाढत चाललाय का, अडचणी विसरायला फोन घेता का, कमी करायचं ठरवून फसलात का, बंदी आली तर जीव कासावीस होतो का, कामाचं नुकसान होतं का. चिंताळू माणसाला यात बहुधा जास्त गुण पडतात, शिस्तीच्या माणसाला कमी. म्हणजे पारावरची मंडळी अगदीच चुकत नाहीत.

जूनमध्ये गावी, लातूर जिल्ह्यातल्या औशाला, धाकट्या भावाला फोन लावला. काय करूलालास, विचारलं, तर म्हणे, "ढग बघूलालोय." फोनमधले! सोयाबीन नुकतं उगवलेलं आणि पाऊस गायब. कुठल्या शिवारात सर आली, लातूरला भाव काय निघाला, बियाणं कुणाकडं उरलंय, सगळं गावाच्या ग्रुपवर. (रील्सही बघतो, ते त्याच्या बायकोनं मागून ओरडून सांगितलं.) सहापैकी पाच प्रश्नांना त्याचं उत्तर, "लई वेळा." झाला की व्यसनी! ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या शेतकऱ्याची काळजी स्वभावाच्या खात्यावर कशी मांडायची? बर्गनला वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस. इथं ढग बघायला रात्री कुणी उठत नाही.

भोंगा लावा, माझी हरकत नाही. फोन ठेवला तरी गावात पार आहे, हरिपाठ आहे, शेजारच्या ओट्यावर कुणीतरी बसलेलं आहे. इथं फोन ठेवून माणूस बंद दाराकडं बघत बसेल. फक्त मृग लागल्यापासून पीक हाती लागेपर्यंत त्या भोंग्याला सुट्टी द्या.

माझे गुण? भावाहून जास्त. इथं रात्रीचा दीड म्हणजे तिकडं पहाटेचे पाच. परवा तेव्हाच उठून बघितलं. बांधावरून काढलेला फोटो होता, पूर्वेला काळंभोर आभाळ. खाली लिहिलेलं, "येईल वाटूलालंय." मग पुढच्या फोटोची वाट बघत बसलो. खिडकीबाहेर पाऊस चालूच होता.