उलटा किल्ला

मालवणात छायाचित्रण व्यवसायाचे प्रदर्शन भरवावे आणि त्यात येणाऱ्याने नुसते बघून न जाता स्वतःच्या हाताने काहीतरी करून पाहावे, एवढाच आमच्या तालुक्याच्या संघटनेचा साधा ठराव होता. त्याची परिणती काल सर्व सभासदांच्या देखत, 'तुमी फोटोग्राफर मा? मगे सुलटो फोटो काढूक येणा नाय तुमका?' हा प्रश्न मला विचारला जाण्यात झाली. अर्धे आयुष्य लोकांची लग्ने टिपण्यात गेलेल्या माणसाची झोप उडवायला असा एक प्रश्न पुरतो.

तारीख ठरवतानाच आमची दमछाक झाली होती. मुहूर्ताच्या दिवशी फोटोग्राफर येणार नाहीत, पावसाळ्यात कंपन्या येणार नाहीत आणि आंगणेवाडीची जत्रा मध्ये आली तर कोणीच येणार नाही. त्यात ती जत्रा पंचांगातल्या तिथीवर नव्हे, तर भराडीदेवीच्या कौलावर ठरते, त्यामुळे सभागृहाची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी माणसाने कोणाकडे चौकशी करावी, हा प्रश्नच असतो.

पुढे एका मोठ्या कंपनीच्या प्रतिनिधीने मुंबईहून कळवले की त्यांची भिंगे बंद काचेच्या कपाटात राहतील, कारण समुद्राकाठच्या दमट हवेत भिंगावर बुरशी चढते. ती चढते हे आम्हाला कोणी सांगायला नको. आमच्या कपाटांत सिलिका जेलच्या पुड्या कपड्यांतल्या डांबराच्या गोळ्यांहून जास्त असतात. पण हाताळून पाहण्याच्या प्रदर्शनात 'हात लावू नये' अशी पाटी लावायची, आणि त्या पाटीसाठी गाळा मात्र फुकट हवा! हीच भिंगे आम्हाला विकताना इथली हवा त्यांना कधी आडवी आली नव्हती.

डार्करूमचे त्या मानाने बरे चालले होते. कृष्णधवल कागद धुण्याचे रसायन, म्हणजे डेव्हलपर, २० अंश सेल्सिअसला नीट काम करते आणि मालवणच्या नळाला तसले पाणी येत नाही, म्हणून ट्रेभोवती ठेवायला मासळीवाल्यांकडचा बर्फ आणला. लाल दिव्याखाली कोऱ्या कागदावर चेहरा हळूहळू उमटताना पाहून आमचे तरुण सभासद हरखले, खोलीला बांगड्याचा वास येत होता तरीही. जॉन हर्शेलने १८४२ साली शोधलेली सायनोटाइपची निळी चित्रेही मुलांसाठी ठेवली होती. लोहक्षारांचा लेप दिलेल्या कागदावर माडाची पात ठेवायची, उन्हात धरायचे आणि साध्या पाण्यात धुवायचे. त्याला कोणीच हरकत घेतली नाही, कारण त्यात किल्ला नव्हता.

किल्ला होता तो बंदराकडच्या खोलीत. तिची खिडकी काळ्या कागदाने बंद करून, मध्ये पत्रा बसवून त्याला करंगळीएवढे भोक पाडले होते. सकाळी सिंधुदुर्गाच्या आमच्याकडच्या तटावर ऊन असते; अंधाराला डोळे सरावले की समोरच्या चुन्याच्या भिंतीवर तो तट, लाटा आणि पर्यटकांच्या होड्या, सगळे रंगांसकट हलताना दिसते. कॅमेरा नावाची वस्तू मुळात अशी अंधारी खोलीच होती, हे लोकांनी आत उभे राहून अनुभवावे, ही माझी कल्पना. तेवढ्यात ज्यांचे सभागृह त्या संस्थेचे ज्येष्ठ विश्वस्त अण्णा 'काळोखात काय करतत बघूया' म्हणत दार उघडून आत आले. दार लावून घेण्याची विनंती केल्यावर ते बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले.

"किल्लो उलटो कसो?"

प्रकाश सरळ रेषेत जातो, त्यामुळे वरचा किरण भोकातून खाली पडतो आणि खालचा वर, असे मी सांगितले. इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञाने हजार वर्षांपूर्वी भोकातून येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला होता, हेही सांगितले, आणि तिथेच खटला घसरला.

"त्येका सांगा, ह्यो महाराजांचो किल्लो आसा. १६६४ सालात पायो घातलो. औरंगजेबाक जा जमला नाय, ता तुमी पत्र्याच्या भोकान केलास?"

मी शेवटचे अस्त्र काढले. "अण्णा, तुमच्या डोळ्याच्या पडद्यावरसुद्धा सगळे उलटेच पडते, मेंदू ते सुलटे करतो."

"तुमच्या डोळ्यात पडत असात. माझा मोतीबिंदूचा ऑपरेशन झाला हा, नवा भिंग घातलेला आसा."

यावर भौतिकशास्त्राकडे उत्तर नाही. आमचे सभासद, जे एरवी माझ्या बाजूने हात वर करतात, ते भिंतीवरच्या होड्या मोजू लागले. एकाने तर खोली उजळून तिथे किल्ल्याच्या फ्लेक्ससमोर सेल्फी पॉइंट करावा असे सुचवले, आणि मला खरा राग आला तो तेव्हा. ज्या धंद्याला मोबाइलने निम्मा खाल्ला, त्या धंद्याच्या प्रदर्शनात आम्ही लोकांना मोबाइल घेऊन फ्लेक्ससमोर उभे करणार, आणि फ्लेक्स छापणारा सोडला तर कोणाच्या पदरात काही पडणार नाही.

अखेर खिडकीत भिंग बसवून त्यामागे ४५ अंशात आरसा लावला आणि प्रतिमा खाली पांढऱ्या टेबलावर पाडली. किल्ला सुलटा झाला, डावे-उजवेही बरोबर आले. फक्त टेबलावरचे चित्र एका बाजूने सुलटे दिसते ते समोरच्या बाजूने उलटेच दिसते, आणि खोली एवढी लहान की पाहुण्यांना दोन्ही बाजूंना उभे करण्यावाचून गत्यंतर नाही. त्यामुळे काल बैठकीचा उरलेला वेळ उद्घाटकांनी कोणत्या बाजूला उभे राहावे, यावर गेला. सुलटी बाजू आमदार, विश्वस्त आणि देणगीदारांना मिळाली, समोरची आमच्या संघटनेला.

"फोटोग्राफरांका काय, सवय आसा उलटा बघूची," अण्णा म्हणाले. ठराव एकमताने मंजूर झाला आणि कार्यवाह म्हणून इतिवृत्ताखाली सही मलाच करावी लागली.