पंच्याहत्तर टक्क्यांवरचा अबोला

प्रेमकादंबरीचा शेवट आधीच ठाऊक असतो, अशी तक्रार करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. शेवट ठाऊक असतो म्हणूनच तर आम्ही ती हातात घेतो. दोघं एकत्र येणार, हा या जातीच्या पुस्तकाचा करारच आहे. शेवटच्या पानावर नायक मेला, तर ती शोकांतिका झाली आणि तसं मलपृष्ठावर सांगायला हवं होतं. माझं भांडण शेवटाशी नाहीच. पुस्तक ७५ टक्क्यांवर आलं की जे घडतं, त्याच्याशी आहे.

हल्लीची चारशे पानांची कुठलीही प्रेमकादंबरी घ्या. चाळिसाव्या पानाच्या आत दोघांची गाठ पडते. शंभराच्या आसपास त्यांना एकत्र राहणं भाग पडतं. कधी कामाचा प्रकल्प एक, कधी लोकांना दाखवायला खोटं खोटं प्रेम. दोनशेला पहिली खरी जवळीक. आणि तीनशेव्या पानावर तो फोनवर बोलत असताना अर्धं वाक्य तिच्या कानावर पडतं. अर्धंच. उरलेलं ऐकायला दाराआड आणखी चार सेकंद उभं राहावं लागलं असतं, पण या बाईला चार सेकंदांचा धीर नसतो. पुढची साठ पानं ती रुसून बसू शकते, तेवढा धीर मात्र भरपूर असतो. त्या काळात तो दाढी वाढवतो, तिची मैत्रीण तिची समजूत घालते आणि तीनशे साठाव्या पानावर भर गर्दीत जाहीर कबुली होते.

आता, रुसवा असूच नये असं माझं म्हणणं नाही. सगळं सुखाने जमलं की कथेत ताण उरत नाही. शेवटच्या मीलनाला वजन यावं म्हणून ते एकदा मोडावंच लागतं. घोडं अडतं ते कारणापाशी. ‘अगं, ती माझी बहीण होती’ एवढ्या एका वाक्यात मिटणारं भांडण साठ पानं ताणलं, की वाचक नायकाच्या नव्हे, लेखकाच्या नावाने बोटं मोडतो. टिकणारं कारण पहिल्या शंभर पानांतच पेरलेलं असतं: तिला कोणावर विसंबून राहण्याची भीती, त्याला सगळं एकट्याने ठरवायची खोड. मग बोलून गैरसमज मिटला, तरी प्रश्न मिटत नाही. आणि मुळात हे प्रकरण गैरसमजावर उभंच कशाला करायचं?

हे काम उत्तम कसं करावं, ते जेन ऑस्टिनने १८१३ मध्ये ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये करून ठेवलं आहे. एकूण प्रकरणं ६१. नायक डार्सी पहिली मागणी घालतो ती ३४व्या प्रकरणात आणि नायिका एलिझाबेथ त्याला सणसणीत नकार देते. गंमत पुढे आहे. त्याचं सगळा खुलासा करणारं पत्र ३५व्याच प्रकरणात तिच्या हातात पडतं. म्हणजे माहितीचा घोळ एक प्रकरणभरसुद्धा टिकत नाही. उरलेली पंचवीसेक प्रकरणं जातात ती दोघांनी स्वतःत बदल करण्यात, आणि ती कुणाला लांबण वाटत नाहीत. ‘आधी वैर, मग प्रेम’ हा या पुस्तकांचा लाडका साचा तो हाच, बरं का. हल्ली वैर म्हणजे त्याने तिला दारात धक्का दिला आणि माफी मागायची राहिली, एवढ्या भांडवलावर दीडशे पानं.

त्यात आता एक प्रकरण तिच्या तोंडून, एक त्याच्या तोंडून, अशी पद्धत पडली आहे. यात दोन भानगडी होतात. एक, दोघंही एकाच सुरात बोलतात. प्रकरणाचं नाव बोटाखाली झाकून दहा ओळी वाचाव्यात आणि कोण बोलतंय ते ओळखून दाखवावं. दुसरी जास्त वाईट. त्याच्या मनातलं सगळं आपल्याला आधीच कळलेलं असतं, त्यामुळे रुसव्याच्या साठ पानांत रहस्य शून्य. आपण फक्त पुस्तकाबाहेरून ओरडायचं, की अगं विचार त्याला.

प्रेमात जादू मिसळली, म्हणजे ज्याला ‘रोमँटसी’ म्हणतात ते आलं, की नमनालाच घडाभर तेल. आधी नकाशा, मग घराण्यांची यादी, मग उच्चारांची सूची. नकाशातल्या नद्या नीट पाहा. नद्या खाली येताना एकमेकींना मिळतात. इथे एकच नदी डोंगरातून निघून दुभंगते आणि दोन वेगवेगळ्या समुद्रांना जाते. घोडा सलग दोन दिवस चौखूर उधळतो, प्रत्यक्षात तो काही किलोमीटरांतच धापा टाकेल. तीन प्रकरणं वाटेत चिटपाखरू दिसत नाही आणि धर्मशाळेत मात्र एकच खोली, एकच पलंग शिल्लक. बाकीच्या खोल्या कोणी घेतल्या?

हे सगळं मी हसत माफ करते. नायक पाचशे वर्षांचा असतो, तेही. पण पाचशे वर्षांत याने तीन युद्धं जिंकली, सावल्यांवर हुकूमत मिळवली, नि ‘मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली’ एवढं बोलायला शिकला नाही? इथे ड्रॅगन पेंड खातो. कारण विचारलं तर ठरलेलं: तुझ्या रक्षणासाठी गप्प राहिलो.

शिवाय इथे एकाच पुस्तकावर भागत नाही. सुखी जोडप्यावर पुढचा भाग लिहिता येत नाही, म्हणून दुसऱ्या भागात त्यांना पुन्हा तोडावं लागतं आणि अबोला साठ पानांवरून सहाशेवर जातो. रिबेका यारोसच्या ड्रॅगनस्वारांच्या मालिकेचे पहिले दोन भाग २०२३ मध्ये सहा महिन्यांच्या अंतराने आले, तिसऱ्याला जानेवारी २०२५ उजाडावं लागलं. तोवर कोण कोणावर कशासाठी रुसलं होतं, हे विसरायला होतं. नकाशा प्रत्येक भागात छापतात, मागच्या भागाचा गोषवारा क्वचितच. म्हणून पुस्तक संपल्या संपल्या त्याच्याच शेवटच्या कोऱ्या पानावर पाच ओळी लिहून ठेवाव्यात: कोण मेलं, कोण मेल्यासारखं दाखवलं, कोणाची शक्ती गेली, गुपित कोणाला ठाऊक आहे, आणि अबोला कुणाचा कुणाशी.

ई-बुक वाचणाऱ्यांनी आणखी एक सांभाळावं. खाली दिसणाऱ्या टक्क्यांत ऋणनिर्देश, लेखिकेचा परिचय आणि दुसऱ्याच एखाद्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण, हे सगळं धरलेलं असतं. ९३ टक्क्यांवर ती दार उघडते, तो समोर उभा असतो, तोंड उघडतो, आणि आपण म्हणतो की अजून सात टक्के आहेत, आता बोलतील. पान उलटावं तर पुढे लेखिकेने आपल्या मांजरीचे आभार मानलेले असतात.