सॉफ्टनर काढून टाका म्हणे!

गेल्या पंधरवड्यात एकच निरोप मला चौघांकडून आला. त्यातली एक आपल्या इंदुरातल्या लोकमान्य नगरातली मावशी, एक सुदामा नगरचे साडू. निरोप असा: नळाची धार बारीक झाली तर दोष सॉफ्टनरचा, म्हणजे जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचा. त्याचं मीठ पाइपात साचतं आणि प्रेशर मरतं. मीठ दुप्पट टाका, नाही जमलं तर सॉफ्टनर काढून टाका, नाहीतर सरळ लाईनला मोठी मोटर लावा. खाली जोडलेले हात आणि ‘सर्वांना पाठवा’. मी कुणालाच पाठवला नाही. मावशीने मात्र तो वाचून प्लंबरला बोलावणं धाडलं, म्हणून हे लिहायला बसलो.

मिठाचं आधी उरकतो. मिठाच्या टाकीतलं पाणी घरातल्या नळांकडे जातच नाही. उभ्या सिलिंडरमध्ये रेझिनचे मोहरीहून बारीक मणी असतात. बोरिंगच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ते धरून ठेवतात, बदल्यात सोडियम सोडतात. मण्यांची धरायची ताकद संपली की त्यांच्यावरून मिठाचं पाणी फिरवून ते गटारात सोडायचं, एवढंच मिठाचं काम. शिवाय जी वस्तू लिटरभर पाण्यात साडेतीनशे ग्रॅम विरघळते ती पाइपात साचणार कशी? पाइपात आणि गीझरमध्ये पांढरा थर साचतो तो जड पाण्याचा, म्हणजे सॉफ्टनर नसलेल्या घरात.

दुप्पट मिठाचंही तेच. मिठाचा संबंध पाणी मऊ होण्याशी, धारेशी नाही. टाकीतल्या पाण्यात जेवढं विरघळायचं तेवढंच विरघळतं, बाकीचं तसंच पडून राहतं. पावसाळ्यात त्याची वर पपडी धरते आणि खाली पोकळी होते. वरून टाकी भरलेली दिसते, पण मीठ पाण्याला लागतच नाही आणि साबणाला फेस येईनासा होतो. लाकडी दांड्याने हलकेच टोचून बघावं.

आता मुख्य आरोप: सॉफ्टनर प्रेशर मारतो. हा अर्धा खरा आहे, आणि त्यामुळेच जास्त फसवा. पाण्याचा दाब बारमध्ये मोजतात, आणि पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे साधारण एक बार. आपल्या घरांत टाकी गच्चीवर असते. वरच्या मजल्यावरचा शॉवर टाकीतल्या पाण्यापासून फार तर दोन-अडीच मीटर खाली, म्हणजे पाव बार. तळमजल्यावर अर्ध्या बारच्या जरा वर. आणि डोक्यावर आपोआप चालणारा व्हॉल्व्ह असलेली बरीच यंत्रं आत येतानाच दीड-दोन बार मागतात. ती बनली तीन-चार बारचं पाणी थेट नळाला येणाऱ्या गावांसाठी. आपल्याकडे 1978 पासून नर्मदा येते ती मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सत्तरेक किलोमीटर लांबून, सुमारे पाचशे मीटर वर चढवून. आणि मग कितीतरी घरांत हौदात पडते, तीही दिवसाआड. हौदातून गच्चीवर नेणं आपलं आपण. नर्मदा पाचशे मीटर चढून येते आणि शॉवरच्या डोक्यावरची दोन मीटर उंची पुरत नाही! असं यंत्र त्या पाव बारवर जोडणाऱ्याला विचारायला हवं, यंत्राला नव्हे.

याला दोन उपाय आहेत. एक, गच्चीवरची टाकी आणि सॉफ्टनर यांच्यामध्ये छोटा प्रेशर पंप. दुसरा मला जास्त पटतो: सॉफ्टनर हौदाची मोटर आणि गच्चीवरची टाकी यांच्यामध्ये बसवायचा. मोटर जोर लावून पाणी त्यातून वर ढकलते, टाकीत मऊ पाणी पडतं, आणि तिथून नळापर्यंत मध्ये काहीच नाही. मोटरचा प्रवाह यंत्राच्या क्षमतेत बसायला हवा, आणि रेझिन धुवायची वेळ मोटर चालू असतानाची ठरवायला हवी. संडासातही मऊ पाणी जातं, त्यामुळे मीठ जरा जास्त लागतं. तेवढं चालतं.

लाईनला मोठी मोटर लावा, हे वाचून मात्र मी उडालोच. कुठल्या लाईनला? आपल्या टाकीपुढे पंप लावणं वेगळं. नगर निगमच्या नळाला थेट मोटर लावली की पाइपात ओढ तयार होते. जिथे सांधा गळका आणि शेजारून नाली वाहतेय, तिथली घाण आत खेचली जाते. शेजाऱ्याच्या वाटणीचं पाणी जातं ते वेगळंच, आणि हे नियमातही बसत नाही.

राहिलं काढून टाकणं. काढण्याआधी बायपास, म्हणजे यंत्र टाळून पाणी सरळ पुढे नेणारी वाट, फिरवून बघा. दहा लिटरची बादली घ्या, मोबाईलवर वेळ लावा, एकदा सॉफ्टनरमधून आणि एकदा बायपासवरून भरा. दोन्ही वेळा सारखीच धार आली तर यंत्र निर्दोष, मग नळाच्या तोंडची जाळी आणि जुने जी. आय., म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी, पाइप बघा. बायपासवर धार मोकळी झाली तर दोष यंत्रात. तिथे मी आधी विचारतो, हे कधीपासून? बसवल्या दिवसापासून असेल तर उंचीचा किंवा मापाचा घोळ. सर्व्हिसवाला येऊन गेल्यावर एकदम झालं असेल तर एखादा व्हॉल्व्ह अर्धा बंद राहिलाय. हळूहळू झालं असेल तर काहीतरी तुंबतंय: रेझिनवर गाळ किंवा लोह बसलंय, क्लोरीनने मणी जुने होऊन फुटलेत, नाहीतर मणी अडवणाऱ्या तळाच्या टोपलीच्या चिरा बुजल्यात. नळाच्या जाळीत सोनेरी मणी सापडले तर ती टोपलीच फुटली. आणि रोज सकाळी आंघोळीच्या वेळीच धार जाते का? मग यंत्राचं घड्याळ बघा. काही यंत्रांत वीज गेली की ते मागे पडतं, आणि रात्री दोनला व्हायचं रेझिनचं धुणं सकाळी सातला सुरू होतं.

मावशीकडे पोचलो तेव्हा प्लंबर पाना घेऊन यूनियनपाशी, म्हणजे पाइपाच्या खोलता येणाऱ्या सांध्यापाशी, बसला होता. “अरे, तो चारशे घेईल म्हणतो, काढूनच टाकू,” मावशी म्हणाली. तिच्याकडे गच्चीवर प्रेशर पंप आहे, म्हणजे उंचीचा प्रश्न नव्हता. बादली लावली. सॉफ्टनरमधून एक मिनिट पन्नास सेकंद, बायपासवरून एक मिनिट चाळीस. मी मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं की यंत्र निर्दोष, आणि जाळ्या काढायला लागलो. जाळ्या स्वच्छ. पाइपही नवे, सी. पी. व्ही. सी.चे, म्हणजे प्लॅस्टिकचे. वीस मिनिटं मी उगाच नळ खोलत बसलो, मग लक्षात आलं की सॉफ्टनरच्या आधी गाळ अडवायला असतो तो फिल्टर बायपासच्याही अलीकडे लावलाय. दोन्ही वाटांचं पाणी त्याच्यातूनच येतं, त्यामुळे बादलीला फरक दिसणार तरी कसा?

फिल्टरची निळी वाटी उघडली. आतली कँडल, जिला प्लंबर स्पन म्हणतात, पांढरी असायला हवी ती गच्चीवरच्या कुंडीतून काढल्यासारखी होती. बोरिंगचा गाळ आणि आपली माळव्याची काळी माती. यंत्र बसवून पावणेदोन वर्षं झाली आणि ती एकदाही बदललेली नव्हती. विकणाऱ्याने बदलायची असते हे सांगितलंच नव्हतं.

कँडल काढून बादली लावली: बेचाळीस सेकंद. प्लंबरने पाना पिशवीत टाकला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी कँडल आणायला गेला. मावशी मोबाईल घेऊन विचारत होती, आलेला निरोप सगळ्यांना पाठवून झालाय, तो परत कसा घेतात.